बायॉलॉजी घेतली म्हणजे गणित सुटलं?

(दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरव कार्यक्रमात एका प्राध्यापिकेने केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मघाशी बाहेर एका मुलीने मला तिची मार्कशीट दाखवली. गणितात 91. मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, "बी ग्रुप घेणार. आता गणितातून सुटले, मॅडम!" शेजारी तिची अम्मीही खूश होती. अकरावीला बायॉलॉजी घेऊन गणित सोडणार असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी हात वर करा बरं. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. मुलींचे तर जवळजवळ सगळेच.

मीही हेच केलं होतं. घरी ठरलं होतं की मी डॉक्टर व्हायचं. झाले नाही. बहुतेकांचं होत नाही, पण गुणगौरवाच्या दिवशी हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. झूलॉजीत एम.एस्सी. केलं, शिकवायला लागले. पुढे एका प्रकल्पात एका जिवाणूच्या जीनोमची फाइल माझ्या हातात आली. उघडली तर लाखो ओळी आणि प्रत्येक ओळीत ए, टी, जी, सी या चारच अक्षरांचा घोळ. बेडूक चिरताना हात न थरथरणारी बाई त्या फाइलसमोर नुसती बसून राहिली. तेहतिसाव्या वर्षी मी भाच्याकडून अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं मागून आणली. तो अजून हसतो.

त्या फाइलमध्ये काय असतं ते सांगते. माणसाचा जीनोम म्हणजे सुमारे 300 कोटी अक्षरांचा मजकूर. पण तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचणारं यंत्र नाही. आज सर्रास वापरली जाणारी यंत्रं साधारण 150 अक्षरांचे तुकडे वाचतात, तेही कोट्यवधी. एकाच वर्तमानपत्राच्या शंभर प्रती घ्या, सगळ्या फाडून बारीक तुकडे करा, गोणीत भरून हलवा आणि मग म्हणा, आता यातून एक अख्खं वर्तमानपत्र जुळवून द्या. काम हे असं आहे.

सरळ मार्ग कोणता? प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येक तुकड्याशी ताडून पाहायचा, कुणाची शेपटी कुणाच्या डोक्याशी जुळते ते शोधायचं आणि प्रत्येक तुकड्यातून एकदाच जाणारा रस्ता काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण हा गणितातला कुप्रसिद्ध अवघड प्रश्न आहे. तुकडे वाढले की संगणकही हात टेकतो.

सुटका केली ती एका जुन्या कोड्याने. क्योनिग्सबर्ग नावाच्या शहरात नदीवर सात पूल होते. हे शहर आज रशियात आहे, कालिनिनग्राद नावाने. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा लोकांचा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलरने 1736 मध्ये दाखवलं की येत नाही, आणि का येत नाही तेही. नियम इतका साधा आहे की तो तुम्हाला आत्ता कळेल. जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर एका पुलाने आलात तर दुसऱ्या पुलाने बाहेर पडावं लागतं, म्हणजे पूल जोडीने लागतात. सुरुवातीची आणि शेवटची जागा सोडली तर प्रत्येक ठिकाणी पुलांची संख्या सम हवी. क्योनिग्सबर्गमध्ये जमिनीच्या चारही तुकड्यांवर ती विषम होती. संपला प्रश्न.

आता जीनोमकडे या. एटीजी हा तुकडा घ्या. त्याला बेट न मानता पूल माना: 'एटी' या बेटावरून 'टीजी' या बेटावर नेणारा पूल. मग प्रश्नच बदलतो. प्रत्येक बेटावर एकदा जायचं नाही, प्रत्येक पूल एकदा ओलांडायचा. आणि हा ऑयलरचा प्रश्न संगणक चुटकीसरशी सोडवतो. पाव्हेल पेव्झनर, हायशू तांग आणि मायकेल वॉटरमन यांनी 2001 मध्ये तुकडे जुळवण्यासाठी ही पद्धत मांडली आणि आज छोट्या तुकड्यांतून जीनोम जुळवणारी अनेक सॉफ्टवेअर्स याच कल्पनेवर चालतात. यंत्र तेच, तुकडेही तेच. फक्त 'बेट' म्हणायचं की 'पूल' एवढा फरक. प्रयोगशाळेत कितीही घाम गाळला असता तरी हे सुचलं नसतं, असं माझं मत आहे.

अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, हे आपल्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी सांगतंच. खरं आहे ते. पण आपल्याकडे म्हणतात ना, 'पिदरम सुलतान बूद', माझे वडील सुलतान होते. नातवाला अकरावीत गणितच नको असेल तर आजोबांच्या नावाचं काय करायचं?

असो. जीनोम जुळला म्हणजे सगळं कळलं असं नाही. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट 2003 मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा मोठा धक्का होता तो जनुकांच्या संख्येचा. प्रथिनं बनवणारी जनुकं आपल्यात साधारण 20 हजार. मातीत राहणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीतही जवळपास तेवढीच. मग फरक कुठे आहे? कोणतं जनुक कुणाला चालू करतं आणि कुणाला बंद करतं, या जाळ्यात मोठा फरक आहे. आणि जाळं आलं की पुन्हा गणित आलं.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचं असं जाळं इस्रायलमधल्या युरी अलोन यांच्या गटाने 2002 मध्ये तपासलं. त्यांनी एक हुशारी केली. तेवढेच बिंदू आणि तेवढेच बाण घेऊन संगणकावर यदृच्छेने जाळी विणली आणि खऱ्या जाळ्याशी ताडली. तीन जनुकांची एक विशिष्ट रचना खऱ्या जाळ्यात सुमारे 40 वेळा सापडली, यदृच्छेच्या जाळ्यांत सरासरी सातेक वेळा. म्हणजे ती उगाच तिथे नव्हती.

रचना अशी आहे: पहिलं जनुक दुसऱ्याला चालू करतं आणि तिसरं चालू व्हायला पहिलं आणि दुसरं दोन्ही लागतात. याने काय साधतं? दुपारी घरची बेल वाजते. अम्मी लगेच उठत नाही, कारण गल्लीतली पोरं बेल वाजवून पळतात. थोड्या वेळाने हाकही आली आणि बेलही वाजतच राहिली, तरच ती उठते. आणि बेल थांबली की लगेच परत आडवी होते. जिवाणूही तेच करतो. संदेश क्षणभरच आला तर तो दुर्लक्ष करतो, टिकला तरच प्रथिन बनवायचा खर्च करतो आणि संदेश गेला की काम तत्काळ बंद. हे आधी समीकरणांतून दिसलं, नंतर प्रयोगात मोजलं गेलं.

आता पालकांसाठी. नीटला गणित लागत नाही, हे खरं. पण गणित ठेवलं म्हणून नीटला कुणी अडवत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि गणित असे चारही विषय एकत्र घेता येतात. काही कॉलेजांत फॉर्म भरतानाच खिडकीवरचे बाबू नाउमेद करतात, "मुलीला झेपेल का?" त्यांना मार्कशीट दाखवा. अभ्यास वाढेल, मी नाही म्हणत नाही. ज्याला गणिताचा खरोखरच त्रास होतो त्याच्यावर लादूही नका. पण 91 मार्क मिळवणाऱ्या मुलीने ते 'सुटण्यासाठी' सोडावं, याचं मला वाईट वाटतं. डॉक्टर झाली नाही तर तिच्या हातात काय उरेल, याचा विचार सोळाव्या वर्षी तिने नाही, तुम्ही करायचा आहे.

माझा वेळ संपला. बाहेर चहाच्या टेबलावर मी कागदाच्या आठ पट्ट्यांचे काही संच ठेवलेत: एएटी, एटीजी, टीजीए, जीएटी, एटीसी, टीसीए, सीएटी, एटीटी. एकीची शेवटची दोन अक्षरं पुढचीची पहिली दोन असली पाहिजेत. आठही पट्ट्या एकदाच वापरून दहा अक्षरांचा सलग मजकूर करा. शेजारणीचं उत्तर वेगळं आलं तर भांडू नका. दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण 'एटी' तीनदा येतं. खरं कोणतं, हे या पट्ट्या सांगूच शकत नाहीत. त्यासाठी लांब पट्टी लागते. माणसाच्या जीनोमचा सुमारे 8 टक्के भाग अशाच पुन्हापुन्हा येणाऱ्या मजकुरामुळे अडून बसला होता. लांब तुकडे वाचणारी यंत्रं आल्यावर, 2022 मध्ये तो छापून आला. चहा होईपर्यंत जुळवून बघा. मी तिथेच उभी आहे.