गाडी त्यांच्या नावावर, तक्रार माझी

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्राहक चळवळ आपल्याला परकी नाही. १९६६ मध्ये मुंबईत ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी’ सुरू केली ती घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांनी. १९७२ च्या सुमारास मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत हजारो जणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि महागाईचा जाब विचारला. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी आपली बाई गाडीच्या शोरूममध्ये मात्र गप्प बसते. तिथे बोलतो नवरा, दीर नाहीतर मुलगा. आणि ती एकटी गॅरेजला गेली तर ऐकायला मिळते, “मॅडम, साहेबांना पाठवा.”

आमच्या सल्ला केंद्रात एक शिक्षिका आल्या होत्या, नवऱ्याशी रोजच्या भांडणाची तक्रार घेऊन. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. गाडी नवऱ्याच्या नावावर, पण रोज तीस किलोमीटर चालवायच्या त्या. नव्या गाडीचा क्लच वर्षात तीनदा गेला. वर्कशॉपने तिन्ही वेळा एकच सांगितले, मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवतात. घरी नवऱ्यानेही तेच धरून ठेवले. शेवटी बाईंनी गाडी सोडली आणि दोन बस बदलून शाळेत जाऊ लागल्या. गाडीत दोष होता की नाही, हे कुणी तपासलेच नाही. बाईच्या हातात दोष आहे, यावर मात्र दोन्हीकडच्या पुरुषांचे लगेच एकमत झाले!

गाडी त्यांच्या नावावर नाही, मग त्या काय करणार, असे तुम्हाला वाटेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये (तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला) ग्राहकाची व्याख्या आहे. पैसे देऊन वस्तू घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हे होते. म्हणजे त्या शिक्षिका स्वतःच्या नावाने तक्रार करू शकत होत्या. “साहेबांना पाठवा” याला कायद्यात कुठेच आधार नाही.

तरीही, ज्या गाडीचे पैसे तुमच्या पगारातून किंवा माहेरहून आले, ती तुमच्याच नावावर घ्या, असा माझा आग्रह राहील. घटस्फोटाच्या वेळी आरसी बुकावरच्या नावावरून किती रडारड होते, ते आम्ही पाहतो.

दुसरा प्रश्न रिक्षा चालवणाऱ्या भगिनींचा. राज्य सरकारने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली. किमतीच्या २० टक्के सरकार देणार, १० टक्के बाईने घालायचे आणि ७० टक्के बँकेचे कर्ज. रिक्षा बिघडली तरी हप्ता थांबत नाही. तक्रार केली की कंपनीचा वकील म्हणतो, ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही. हे खरे नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात रिक्षाचेच उदाहरण दिले. स्वतः चालवून पोट भरणारा रिक्षावाला ग्राहक आहे, पण रिक्षा घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्याच हाती चालवायला देणारा ग्राहक नाही. तेव्हा नाव बाईचे आणि रिक्षा दुसऱ्याच्याच हातात, हा प्रकार तक्रारीच्या वेळी अंगाशी येतो. लायसन्स, बॅज बाईकडे हवा आणि हँडलही.

खरेदीच्या वेळी ‘ऑन रोड’ असा एकच आकडा सांगतात. तो फोडून कागदावर मागा. गाडीची किंमत किती, कर किती, नोंदणी किती, विमा किती. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, बाहेर भाव विचारा. ‘हँडलिंग’ म्हणून काही हजार लावले असतील तर ते कशाचे, हे लिहून द्यायला सांगा, बहुतेक वेळा लेखणी तिथेच अडते. स्कूटर घेत असाल तर आणखी एक गोष्ट. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारे संरक्षण आणि धरायला मूठ असलीच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो. साडी-ओढणी चाकात जाऊन बायका मरतात, म्हणून हा नियम. आणि तेच साडीगार्ड ‘ॲक्सेसरी’ म्हणून वेगळे पैसे लावून विकतात! हेल्मेटचेही तसेच. दुचाकीबरोबर ते देण्याची जबाबदारी नियम १३८ ने उत्पादकावर टाकली आहे.

आता गॅरेज. गाडी देताना जॉबकार्ड लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत हवी. “गिअर टाकताना खडखड होते” असेच लिहायला सांगा, ‘जनरल चेकअप’ नको. किलोमीटरचा आकडा आणि अंदाजे खर्चही त्यावर हवा, आणि न विचारता वाढीव काम करायचे नाही, हेही. बदललेला पार्ट परत मागा. एकच तक्रार तीन जॉबकार्डांवर तीन तारखांना लिहिलेली असली, तर बोलघेवड्या मॅनेजरपेक्षा ती तीन कागदे आयोगापुढे जास्त बोलतात. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग गॅरेज झाडाखालचे का असेना.

बिल अवास्तव वाटले तरी गाडी ओढून आणायला जाऊ नका. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजवाल्याला आहे. ‘तक्रार राखून पैसे देत आहे’ असे बिलावर लिहा, सही करा, पैसे भरा, गाडी घ्या आणि मग भांडा.

बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल, ही भीती सगळ्यांना घालतात. याच प्रकारासाठी आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना न देण्यासाठी स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. दंडावर पुढे अपिले झाली. आपल्यापुरते एवढे करा, वॉरंटीची पुस्तिका स्वतः वाचा. काउंटरवरचा मुलगा सांगतो ते त्यात असतेच असे नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची, दोन वर्षांच्या आत. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील लागतोच असे नाही. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की चेन्नईत, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाद मागता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. नवऱ्याचे घर सोडून माहेरी आलेल्या बाईला तिचे मोल विशेष. दोष तपासायला गाडी प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे बाईला आधीच सांगा, नाहीतर ती तिसऱ्या तारखेला यायची बंद होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरातल्या गाडीची, स्कूटरची, रिक्षाची शेवटची दोन बिले आणा. बिले सापडत नसतील तर घरात ती कोण ठेवते, ते विचारून या.