दिवेलागण आणि कॅमेरा

(मंडळाच्या चैत्रातील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



उन्हाळा संपता संपता रंकाळ्यावर सूर्यास्ताचे फोटो कसे काढावेत, यावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी ठरविले. मी काही फोटोग्राफर नव्हे. पण गेले दोन उन्हाळे आपल्यांतल्या आठ-दहा जणी रोहिणी नक्षत्राच्या सुमाराला चौपाटीवर जमतो आणि मोबाईलवर, क्वचित एखादीच्या मुलाच्या कॅमेऱ्यावर, मावळतीचे फोटो काढतो. त्यांतून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की, सूर्य तर रोज मावळतो, मग उन्हाळ्याच्या अखेरीचेच एवढे कौतुक कशाला? त्याचे कारण हवेत आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आपल्याकडची हवा धुळीने आणि शेतांतल्या जाळण्याच्या धुराने भरलेली असते. सूर्य खाली येता येता फिका, पितळी होतो आणि क्षितिजाला टेकण्याच्या आधीच धुरकटात विरून जातो. पुष्कळांची समजूत अशी असते की धूळ जितकी जास्त तितकी संध्याकाळ लाल. तसे नाही. जमिनीलगतची जाड धूळ रंग मळवते. मग वळवाचे दोन पाऊस पडतात, धूळ खाली बसते, आणि अंगण सडा घातल्यासारखे होते तसे आकाश होते. शिवाय पावसाळ्याचे ढग अजून सर्व बाजूंनी मिटलेले नसतात. मृग लागला, पाऊस बसला, की पुढे तीन महिने सूर्य मावळतो की नाही याचा पत्ताच नसतो. म्हणजे निवळलेली हवा आहे, वर ढगही आहेत आणि पश्चिम अजून उघडी आहे, असे दिवस वर्षातून फार तर दहा-पंधरा. ते २५ मेच्या पुढचे.

आता तो रंग येतो कसा? सूर्याचा उजेड पांढरा, त्यात सगळे रंग मिसळलेले. हवेचे सूक्ष्म कण त्यातला निळा भाग जास्त विखरून टाकतात, तांबडा कमी. हे गणिताने मांडले रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा उजेडाला हवेतून जेवढी वाट काढावी लागते, त्याच्या सुमारे ३८ पट हवा तो क्षितिजावर असताना ओलांडावी लागते. एवढ्या वाटेत निळा सांडून जातो आणि तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. आणखी एक गंमत सांगते. उघड्या क्षितिजावर सूर्य नुकता टेकला असे आपल्याला दिसते, तेव्हा खरे पाहता तो जवळजवळ सगळाच खाली गेलेला असतो. हवेमुळे किरण वाकतात म्हणून तो दिसतो. माझ्या भाचीला हे सांगितले तर म्हणाली, “म्हणजे मावशी, आपण गेलेल्या पाहुण्याचा फोटो काढतो!”

दिशेचेही सांगायला हवे, कारण गेल्या वर्षी नव्याने आलेल्या दोघी सूर्य “जागेवर नाही” म्हणून गोंधळल्या. सूर्य रोज बरोबर पश्चिमेला मावळत नाही. कोल्हापुरातून पाहिले तर डिसेंबरात तो पश्चिमेच्या डावीकडे सुमारे २५ अंश सरकलेला असतो, आणि जूनमध्ये तेवढाच उजवीकडे. हात सरळ लांब करून मूठ वळली तर ती साधारण १० अंश भरते. म्हणजे संक्रांतीच्या आधी तो जिथे बुडतो तिथपासून मृगापर्यंत पाच मुठी उजवीकडे जातो. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आपण गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या बायकांनाही खरे तर ठाऊक असते, फक्त मुठींनी मोजलेले नसते.

आता फोटोकडे येऊ. हात लांब करून करंगळीचे नख समोर धरा, सूर्य त्याच्याआड दडेल, एवढाच तो आकाशात असतो. डोळ्याला तो मोठा वाटतो, मोबाईलला नाही. म्हणून सूर्याचाच फोटो काढायला गेले की ठिपका येतो, आणि बोटांनी ताणून जवळ आणला की ठिगळ येते. फोटो काढायचा तो सूर्याने उजळलेल्या ढगांचा, पाण्याचा आणि मध्ये उभ्या असलेल्या कुणाचा तरी.

मोबाईलची मूळ खोड अशी की, समोर कितीही अंधार असो, तो चित्र मध्यम उजेडाचे करू पाहतो. संध्याकाळ आहे हे त्याला मान्यच नसते. मग तांबडे आकाश पांढुरके होते आणि घरी आल्यावर आपण म्हणतो, तिथे किती सुंदर होते, इथे काही उतरले नाही. याला उपाय सोपा. पडद्यावर ढगाच्या उजळ कडेवर बोट टेकवावे, बोट तिथेच दाबून धरले की बहुतेक मोबाईलांत ते माप पक्के होते. मग बाजूला सूर्याची खूण दिसेल ती खाली ओढावी. चित्र काळोखाकडे जाऊ द्यावे. माणसे, झाडे, कठडा काळे झाले तरी भिऊ नये. काळ्या आकारांमुळेच रंगाला उठाव येतो. पाण्याची रेघ तेवढी आडवी सरळ ठेवावी. तळे वाकडे दिसले की ते पाणी आता सांडणार असे वाटत राहते.

रंग वाढविण्याच्या ज्या युक्त्या मोबाईलात असतात त्यांच्याबद्दल माझे मत कडक आहे. थोडेसे उजळणे-मिटवणे ठीक. पण आकाश जांभळे आणि पाणी शेंदरी करून ठेवलेले फोटो पाहिले की हळदीला बसवलेली नवरी विसरून कुणी उठवायला आलेच नाही, असे वाटते.

पाण्यातल्या प्रतिबिंबाविषयी मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मला सर्वांत आनंद झाला. वारा पडला की रंकाळा आरसा होतो. पण पाणी आकाशाचा सगळा उजेड परत देत नाही, काही पोटात घेते, म्हणून प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी गडद येते. तसे आले तर चूक समजू नये. वारा सुटला की आरसा मोडतो आणि त्याच्या जागी एक चमचमती वाट पडते, सूर्यापासून थेट आपल्या पायांपर्यंत. प्रत्येक लाट म्हणजे छोटा तिरपा आरसा, आणि ज्या लाटांची तिरपी बाजू नेमकी आपल्या डोळ्याकडे आहे तेवढ्याच चमकतात. म्हणून आपण चार पावले सरकलो की वाटही आपल्याबरोबर सरकते. काठावर पन्नास जणी उभ्या राहिल्या तर पाण्यावर पन्नास वाटा असतात आणि शेजारणीची वाट आपल्याला कधीच दिसत नाही. गेल्या वर्षी आम्ही आठ जणींनी एकाच क्षणी फोटो काढून नंतर शेजारी शेजारी ठेवले. आठ फोटो, आठ वाटा. ते आज मागच्या भिंतीवर लावले आहेत, चहाच्या वेळी जरूर पाहा.

फोटोत मध्ये काय घ्यावे याची रंकाळ्यावर उणीव नाही. १९३४ साली पुरा झालेला शालिनी पॅलेस पश्चिम काठावर आहे, त्याचा मनोरा मावळतीच्या उजेडात काळा उठून दिसतो. पाण्यातला संध्यामठ पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येतो, म्हणून त्याचे दगडी खांब टिपायचे तर हाच मोसम. आबालाल रहिमान यांनी याच काठांवर हिंडून चित्रे रंगविली. ते गेले १९३१ साली. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बायकांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई, तरी गुलाबबाई आणि अनसूयाबाई त्या चित्रपटात उभ्या राहिल्या. कोल्हापूरला कॅमेरा काही नवा नाही.

आणि जलपर्णी? ती टाळून फोटो काढावा की नाही, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. माझे म्हणणे, काठाला शेवाळ आणि प्लास्टिक असेल तर एक-दोन फोटोंत ते येऊ द्यावे. तळे आपले आहे. सणाच्या कपड्यांतलेच दाखवावे असे नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. फोटो काढणे अवघड नाही. अवघड आहे ती वेळ.

मेच्या अखेरीस कोल्हापुरात सूर्य साताच्या सुमारास मावळतो. बिंब टेकल्यापासून पुरते बुडायला अडीच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. बुडाले की चौपाटीवरची गर्दी भेळेच्या गाड्यांकडे वळते आणि आपल्यातली जी असते ती घराकडे. पण खरे रंग नंतर येतात. सूर्य आपल्यापुरता खाली गेला तरी उंचावरच्या ढगांना तो अजून दिसत असतो आणि त्यांना खालून उजेड लागतो. आधी खालचे ढग विझतात, मग वरचे पेटतात, आणि ही उलथापालथ पंधरा-वीस मिनिटे चालते. मध्येच पूर्वेकडे वळून पाहिले तर तिकडे वळवाच्या ढगाचे डोके गुलाबी झालेले असते. ती वीस मिनिटे म्हणजे नेमकी दिवेलागणीची. देवाजवळ दिवा, दूध तापवणे, पोरांची शुभंकरोती, कणीक मळणे. तिन्हीसांजेला बाईने घराबाहेर राहू नये, असे ऐकतच आपण मोठ्या झालो.

आमच्या गटात एक काकू आहेत, वय सत्तरीच्या पुढे. रंकाळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर. पहिल्या संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर आम्ही थांबलो तर त्याही थांबल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लग्न होऊन या घरात आल्याला पन्नासावर वर्षे झाली. हे तांबडे मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडलेले पाहिले आहे. कुठून येते ते आज पाहिले.”

मला दिवेलागणीचा मान कमी करावयाचा नाही. मीही रोज दिवा लावते. पण तो लावणारे हात बाईचेच असले पाहिजेत, असे कुठल्या पोथीत माझ्या वाचनात आलेले नाही. त्या काकूंच्या घरी ते आठ दिवस त्यांच्या नातवाने दिवा लावला, नि दूधही तापवले. दोनदा उतू गेले म्हणतात. जाऊ दे.

दुसरे असे की, घरोघरच्या अल्बमांत आपण असतो ताट वाढताना, बाळ मांडीवर घेऊन, ओटी भरताना. पाहणारे डोळे दुसऱ्याचे. होमाई व्यारावाला यांनी आपल्या देशात बाईने वर्तमानपत्रासाठी फोटो काढण्याचा पायंडा पाडला, १९४७ चा स्वातंत्र्यसोहळा टिपला. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावावर छापले जात. म्हणून आमच्या गटात आम्ही एक नियम केला आहे: फोटो कुणालाही पाठवला तरी काढणारीचे नाव खाली लिहायचे. “आईच्या मोबाईलवरचा” असे नाही, आईचे नाव.

थोड्या सूचना. सूर्य वर असताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आणि आरपार काचेतून पाहावयाच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या झरोक्यातून तर मुळीच नाही. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे उतरायचे नाही. वीज चमकू लागली तर पाण्याजवळ आणि झाडाखाली थांबायचे नाही, सरळ आडोशाला यायचे.

यंदा आपण २५ मेपासून आठ संध्याकाळी जमणार आहोत. सव्वासहाला चौपाटीच्या कठड्यापाशी. साडेसातच्या आत कुणीही निघावयाचे नाही. मोबाईल भरून आणावा, छत्री आणावी. पाऊस आला तरी यावे, कारण सर पडून गेल्यानंतरची अर्धी घटका सर्वांत चांगली असते. ज्यांना एकटीने परतावे लागते त्यांना सोबत देण्याची यादी चिटणीसबाईंपाशी आहे. तिथेच दुसरी एक वहीही ठेवली आहे: ज्यांच्या घरी त्या वेळी दिवा लावायला, लहान मूल सांभाळायला कुणी नाही, त्यांनी तीत नाव घालावे. वरच्या आळीतल्या तिघी आलटून-पालटून त्या त्या घरी जाऊन बसायला तयार आहेत. आतापर्यंत पाच नावे आली आहेत. पेन वहीतच आहे.