बंद झालेली परीक्षा

एका परिचित गृहस्थांनीं मुलासाठीं घेतलेलें एक जाड पुस्तक मला नुकतेंच दाखविलें. मायक्रोसॉफ्टच्या ९८-३६४ या परीक्षेचें, म्हणजे डेटाबेसच्या पहिल्या पायरीचें. मुलानें निम्म्याहून अधिक वाचलें होतें. परीक्षा मात्र ३० जून २०२२ रोजींच बंद झालेली! तिच्या पुढची एस्क्यूएल सर्व्हरची एमसीएसए ही पायरी तर त्याआधीं, ३१ जानेवारी २०२१ रोजीं गेली. आतां मुलानें काय शिकावें, हा त्यांचा प्रश्न.

त्याच कंपनीनें २०२० सालीं डीपी-९०० ही नवी प्राथमिक परीक्षा काढली. तिचा रोख अझुर या भाड्यानें मिळणाऱ्या संगणकसेवेची ओळख करून देण्याकडे आहे. ओळख असणें वाईट नव्हे. पण तेवढ्यानें हात तयार होत नाहीं.

डेटाबेस म्हणजे संगणकावरील सुव्यवस्थित दप्तर. तें तक्त्यांत कसें मांडावें, याचा पाया एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एका निबंधांत घातला. आपल्या वाचनालयाचेंच उदाहरण घ्या. देवघेवीच्या वहींत दर पुस्तकापुढें सभासदाचा पत्ता लिहिला, तर त्यानें बिऱ्हाड बदलतांच वीस ठिकाणीं खाडाखोड करावी लागते. एकविसावें ठिकाण राहून जातें, आणि स्मरणपत्र जुन्या बिऱ्हाडीं पोंचतें. म्हणून सभासदांचा तक्ता वेगळा, पुस्तकांचा वेगळा, आणि देवघेवीच्या तक्त्यांत केवळ दोहोंचे क्रमांक व तारखा. पत्ता एकाच जागीं राहतो. हे तक्ते जोडून 'कोणाकडे कोणतें पुस्तक थकलें आहे?' असें विचारण्याची भाषा ती एस्क्यूएल. १९८६ सालीं अमेरिकेंत तिला प्रमाण रूप मिळालें. ती कोणा एका कंपनीची मिरास नाहीं.

पोस्टग्रेस्क्यूएल किंवा एसक्यूलाइट हीं साधनें विनामूल्य मिळतात. त्यांवर असे तीन तक्ते मुलानें स्वतः मांडावे. एका खात्यांतून रक्कम निघाली आणि दुसऱ्यांत पडण्यापूर्वीं वीज गेली, तर ती कोठें राहते, हें पाहावें. दप्तराची नक्कल काढावी. आणि बहुतेक जण टाळतात तें करावें, म्हणजे त्या नकलेवरून सारें दप्तर पुन्हां उभें करून पाहावें.

पुस्तक रद्दींत घालूं नका, असें मीं त्या गृहस्थांना सांगितलें. त्यांतील तक्ते, जोडण्या आणि नकला यांवरचीं प्रकरणें आजहि उपयोगाचीं आहेत. परीक्षेच्या नियमांचीं पानें तेवढीं सोडून द्यावीं.