देवाचे राज्य आणि आजचे निंदण



जगाचा शेवट म्हटलं की माणूस घाबरतो. ख्रिस्ती धर्मात मात्र या शेवटाकडे सुगीसारखं पाहिलं जातं. हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे विद्यालय १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळातच होते. पुढे ते पुण्यास गेले. तेव्हा आपल्या शेजाऱ्याची ही श्रद्धा काय आहे, ते थोडक्यात पाहू.

ख्रिस्ती मत असे की इतिहासाला दिशा आहे आणि शेवट आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, सर्वांचा न्याय होईल आणि देवाची सत्ता पूर्णपणे प्रस्थापित होईल. हेच देवाचे राज्य. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात नवे आकाश आणि नवी पृथ्वी यांचे वर्णन आहे. तिथे देवाची नगरी स्वर्गातून खाली उतरते. म्हणजे ही पृथ्वी टाकून पळून जायचं नाही, तीच नवी व्हायची आहे.

हे केव्हा घडणार? तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं येशूनंच सांगून ठेवलं आहे. तरी माणूस हिशेब मांडतोच. विल्यम मिलर नावाच्या एका अमेरिकन शेतकऱ्याने बायबलवरून गणित केले. अखेर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस आला आणि गेला.

येशूचा एक दृष्टान्त आहे. गव्हाच्या शेतात वैऱ्याने तण पेरले. चाकर म्हणाले, उपटून टाकू. धनी म्हणाला, राहू द्या, तणाबरोबर गहूही उपटाल; सुगीत निवडू. आर्णीकडचा शेतकरी यावर हसेल. निंदण-डवरण केल्याशिवाय का पीक हाती येतं? पण इथे शेत म्हणजे जग आणि गहू व तण म्हणजे माणसे. वाईट चालीरीतींचे निंदण आपण जरूर करावे. माणसे उपटण्याचा अधिकार मात्र आपला नव्हे. तो निवाडा शेवटी देवाचा.

मग तोवर हातावर हात ठेवून बसायचं काय? आपल्या महाराष्ट्रातली दोन माणसे पाहा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या, त्यांना केडगावी आसरा दिला, कामधंदा शिकवला. साध्या माणसाला समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी १९२२ साली मरेपर्यंत केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. देव राजा आहे, तर त्याच्या दरबाराचं दार आजच उघडं हवं, असा या नावाचा अर्थ मला वाटतो.

कोणी विचारील, चांगली कामे करायला शेवटाची श्रद्धा कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. उद्या सर्वत्र सुबत्ता आली, तरी त्या दुष्काळात जी पोरं अन्नावाचून मेली त्यांना काय मिळालं? नुसत्या प्रगतीपाशी याचं उत्तर नाही. म्हणूनच संत पौलाने मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे. मेलेल्यांनाही न्याय मिळाल्याशिवाय देवाचे राज्य पुरे होत नाही, असं ही श्रद्धा सांगते.

शिक्षकबंधूंनी वर्गात हा विषय काढला तर तारखांच्या वादात शिरू नये. उपाशी माणसाला ज्याने जेवू घातले त्याने मलाच जेवू घातले, असे शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा म्हणेल, ही येशूची शिकवण मुलांना सांगावी. ती कोणत्याही घरच्या मुलाला कळेल.