घाटावर आणि घाटाखाली

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, ‘घाटावरचे का घाटाखालचे?’ अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे. वर चिखली, मेहकर, लोणार. खाली मलकापूर, शेगाव, संग्रामपूर. खालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. वरची पैनगंगा वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला पोचते.

माझी आई घाटावरची, सासर मात्र घाटाखाली, खारपाणपट्ट्यात. इथली काळी जमीन कापसाला चांगली, पण विहिरीचं पाणी खारं. सासरचा पहिला चहा प्यायल्यावर तिला वाटलं, कुणी साखरेऐवजी मीठच टाकलं!

जिल्ह्याचे तालुके १३, क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८६ हजार भरली. शंभरातली एकोणऐंशी माणसं खेड्यात राहणारी. पण त्याच मोजणीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८५५ च निघाल्या. २००१ साली त्या ९०८ होत्या. नद्या डोंगरामुळे वेगळ्या झाल्या. मुली कशामुळे कमी झाल्या, ते आपण सगळेच जाणतो.

२०२१ ची जनगणना लांबली, आता ती २०२७ ची ठरली आहे. माझी नात सात वर्षांची आहे, अजून कुठल्याच मोजणीत नाही. प्रगणक दारी आले की घरातल्या माणसांत तिचं नाव मी सगळ्यांत आधी सांगणार आहे.