साडेचार मिलिमीटरचा प्रश्न

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो : ‘हे खेळणं केवढ्याला पडलं?’ माझ्यासारख्या नादिष्ट माणसाला त्याची सवय झालेली आहे. पण खेळणं आणि प्रतिकृती यांत फरक काय, असं कुणी विचारलं, तर मी आयर्लंडच्या रेल्वेचं उदाहरण देतो. तिथल्या गाड्यांची प्रतिकृती करायला बसलं की पहिल्याच दिवशी एक प्रश्न समोर उभा राहतो. प्रश्न फक्त साडेचार मिलिमीटरचा आहे, पण त्याच्यामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

आधी खऱ्या गाडीचं बोलू. आयर्लंडमधली पहिली रेल्वे १७ डिसेंबर १८३४ रोजी डब्लिनहून किंग्जटाउनच्या बंदराकडे धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे त्यानंतर अठरा वर्षांनी आलेली. अंतर जेमतेम सहा मैल आणि रुळांमधलं माप इंग्लंडसारखंच, ४ फूट साडेआठ इंच. पुढे १८३९ मध्ये उत्तरेला बेलफास्टहून अल्स्टर रेल्वे सुरू झाली. तिनं रूळ टाकले ६ फूट २ इंचांवर. डब्लिनहून ड्रॉहेडाला जाणाऱ्या तिसऱ्या कंपनीनं ५ फूट २ इंच बरे असं ठरवलं. एवढंसं बेट, त्यावर तीन कंपन्या आणि तिघींची तीन मापं! उद्या हे मार्ग एकमेकांना भेटले की डबे पुढे जाणार कसे?

हे भांडण सरकारी रेल्वे-तपासनीस मेजर जनरल चार्ल्स पेस्ली यांच्यापुढे आलं. त्यांनी जाणकारांना विचारलं. कुणी ५ फूट म्हणालं, कुणी ५ फूट ६ इंच. पेस्लीसाहेबांनी या दोन्हींचा मध्य काढला, ५ फूट ३ इंच, असं सांगतात. १८४६ मध्ये त्याचा कायदा झाला. गंमत अशी, की हे माप तोवर तिघींपैकी एकीचंही नव्हतं! अल्स्टर रेल्वेला आपले रूळ उखडून जवळ आणावे लागले. किंग्जटाउनच्या मार्गानं १८५७ मध्ये माप बदललं. तेव्हापासून आयर्लंडचं ब्रॉडगेज १६०० मिलिमीटरचं. इंग्लंडपेक्षा रुंद आणि आपल्या ५ फूट ६ इंचांपेक्षा तीन इंचांनी कमी.

आता छोट्या गाडीकडे वळू. ब्रिटन-आयर्लंडमध्ये सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर. पाच फूट तीन इंचांना चारांनी गुणलं की बरोबर २१ मिलिमीटर येतात. पण बाजारात मिळणारा तयार रूळ असतो साडेसोळा मिलिमीटरचा. हा रूळ मुळात फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणासाठी होता. ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान, त्यामुळे त्या काळातली विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना. मग वरची गाडी थोडी मोठी केली आणि खालचा रूळ तसाच ठेवला. इंग्लंडच्या गाडीला त्यामुळे सव्वादोन-अडीच मिलिमीटर कमी पडतात. आयरिश गाडीला पडतात साडेचार. समोरून पाहिलं, तर एखाद्या धिप्पाड माणसानं पाय जुळवून उभं राहावं, तशी ती गाडी दिसते.

तयार रूळ घेतला, तर संध्याकाळपर्यंत गाडी धावू लागते. २१ मिलिमीटरच घ्यायचे म्हटले, तर सगळं हातानं करावं लागतं. मी माझ्या घरातल्या फळीवर एक आयरिश स्टेशन करायला घेतलं आणि दुसरा रस्ता धरला. ओळखीच्या लेथवाल्याकडून २१ मिलिमीटरची पितळी मापपट्टी करून घेतली. लाकडाच्या पट्ट्या कापून स्लीपर केले, रूळ एकेक करून बसवले, चाकांना लांब आस घातले. एक वीतभर रूळ टाकायला कधी कधी अख्खा रविवार जातो. घरचे विचारतात, ‘कुणाला कळणार आहे?’ खरं आहे, शंभरातल्या नव्व्याण्णवांना नाहीच कळणार. पण ते साडेचार मिलिमीटर सोडले, तर तीन कंपन्यांचं भांडण, पेस्लीसाहेबांचा मध्य आणि उखडलेले रूळ हे सगळंच सुटतं. मग उरते ती नुसती हिरवा रंग दिलेली कुठलीही गाडी.

आणि आयर्लंडच्या बाबतीत हे जपणं फार महत्त्वाचं आहे, कारण मूळ वस्तूच उरलेल्या नाहीत. १९२० च्या सुमारास त्या बेटावर साधारण साडेपाच हजार किलोमीटर रेल्वे होती. आज निम्मीसुद्धा नाही. १९२०-२२ च्या घडामोडींत बेटाची फाळणी झाली आणि ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे मार्ग सीमेनं जागोजागी छेदले गेले. मोनाहन परगण्यातलं क्लोन्स हे तिचं गजबजलेलं जंक्शन. १९५७ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारनं सीमेपलीकडचे अनेक मार्ग बंद केले आणि अलीकडच्या रुळांना पुढे जायला वाटच राहिली नाही. डोनेगॉलची तीन फुटी नॅरोगेज १९५९ च्या शेवटच्या दिवशी थांबली. आज डोनेगॉल, मोनाहन, कॅव्हन, फर्मानाह आणि टायरोन या पाच परगण्यांत एकही प्रवासी गाडी जात नाही.

लिस्टोएल ते बॅलीबनियन ही तर अजबच रेल्वे होती. १८८८ ते १९२४ अशी ती चालली, तीही एकाच रुळावर! तिकाटण्यांवर उंच बसवलेला एक रूळ आणि गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारखे दोन्ही बाजूंना लोंबणारे डबे. दोन्हीकडचं वजन सारखं हवं. म्हणून गाय पाठवायची असेल, तर दुसऱ्या बाजूला दोन वासरं चढवायची आणि परत येताना एकेक वासरू दोन्हीकडे, असा किस्सा सांगतात. २००३ पासून लिस्टोएलमध्ये तिचा छोटासा नमुना पुन्हा चालवला गेला, म्हणून निदान विश्वास तरी बसतो.

डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात सिरिल फ्राय नावाचे ड्राफ्ट्समन होते. इंजिनांचे मूळ नकाशे त्यांच्या रोजच्या हाताखालचे. त्यांनी उभा जन्म आयरिश गाड्यांच्या प्रतिकृती करण्यात घालवला. १९७२ मध्ये ते गेले. १९८८ पासून त्यांचा संग्रह मॅलहाइडच्या किल्ल्यात मांडलेला होता, २०१० मध्ये तो तिथून हलवावा लागला आणि २०२० पासून त्याच गावातल्या संग्रहालयात त्याला घर मिळालं. याच इंचिकोरला १९३९-४० मध्ये तीन थोर इंजिनं तयार झाली : मेव्ह, माखा आणि टाल्टे. त्यांतली मेव्ह तेवढी बेलफास्टजवळच्या कल्ट्रा इथल्या संग्रहालयात आहे. बाकी दोघी भंगारात गेल्या. इंजिन वितळवलं की त्याबरोबर त्याची मापंही जातात. ती कुणीतरी उतरवून ठेवलेली असतील, तरच उरतात.

हौशी माणूस वेळ फुकट घालवतो असं वाटतं, तेव्हा हे लक्षात घ्यावं. रूळ गेले, फलाटांवर गवत वाढलं, तरी कुणीतरी टेप घेऊन जाऊन मोजलेलं असतं. आपलं ब्रॉडगेजही त्याच प्रमाणात २२ मिलिमीटर होतं आणि तयार रुळावर आपल्या गाड्याही तशाच पाय जुळवून उभ्या राहतात. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी आता ब्रॉडगेज झाली आहे. त्या मार्गावरची जुनी स्टेशनं आणि ती गाडी चालवलेली माणसं अजून भेटतात. ती भेटतात तोवर एक टेप, एक वही आणि एक पेन्सिल घेऊन निघायला हवं. खेळण्याची प्रतिकृती तिथूनच व्हायला लागते.