नाव बदलले की नियम बदलतो : कांदा, लसूण आणि सीमाशुल्काची वर्गवारी

(राजुरी, ता. जुन्नर येथे कांदा व लसूण उत्पादकांसमोर दिलेले व्याख्यान)



आळेफाट्याच्या बाजारात भाव पडला की आपल्याला दोनच कारणे ऐकू येतात. एक, "परदेशातून माल आला." दुसरे, "निर्यात बंद झाली." पण कोणता माल आला आणि नेमकी कशावर बंदी आली, हे आपण सहसा विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलू, कारण चाळीतला कांदा काढायचा की ठेवायचा, हा निर्णय या उत्तरावर अवलंबून असतो.

वर्गवारी कशी होते?

बंदरावर उतरणाऱ्या किंवा जहाजात चढणाऱ्या प्रत्येक मालाला एक क्रमांक द्यावा लागतो. ही पद्धत 1 जानेवारी 1988 पासून जगभर लागू झाली. पहिले 6 अंक सर्व देशांत सारखे असतात. आपल्या देशात ते 8 अंकांपर्यंत वाढवले आहेत. आपल्या पिकांपुरते एवढे लक्षात ठेवा :

1) ताजा किंवा थंड केलेला कांदा, लसूण व त्या कुळातील भाज्या : 0703. त्यात कांदा 0703.10 आणि लसूण 0703.20.
2) गोठवलेली भाजी : 0710.
3) सुकवलेले काप, चुरा व पूड : 0712.
4) पेरणीचे कांदा बी : 1209.

येथे एक गैरसमज होतो. शेतात पात वाळवून, मान बारीक करून चाळीत भरलेल्या कांद्याला आपण वाळलेला कांदा म्हणतो. सीमाशुल्काच्या भाषेत मात्र तो ताजाच. वरची साल वाळली तरी आतला कांदा जिवंत असतो, त्याला कोंब फुटतो. लसणाच्या गड्ड्याचेही तसेच. सुकवलेला म्हणजे पाणी काढून टाकलेला, कारखान्यातला माल.

नावाने काय फरक पडतो?

14 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. त्या आदेशातून कापलेला, काप केलेला व पूड केलेला कांदा वगळला होता. म्हणजे चाळीतल्या कांद्याला बंदी, पण प्रक्रिया केलेल्या मालाला वाट मोकळी. पुढे 29 ऑक्टोबर 2020 रोजी कांदा बियाण्याची निर्यात थांबवली, तर त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागला. कारण बियाणे ही क्रमांकाने वेगळी वस्तू आहे.

एका क्रमांकाच्या आतही जातीने फरक पडतो. 8 डिसेंबर 2023 पासून पुन्हा निर्यातबंदी होती. ती चालू असतानाच 25 एप्रिल 2024 रोजी 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. त्यावर आपल्या भागात नाराजी झाली आणि ती समजण्यासारखी होती, कारण आपल्या चाळीत लाल गावरान कांदा होता. सर्वसाधारण कांद्याची बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्याच्या अटीवर आणि 40 टक्के निर्यात शुल्कासह. हे शुल्क पुढे 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण काढले गेले.

आयातीतही हेच. भारताने लसणावर अनेक वर्षे 100 टक्के असा चढा आयात शुल्क दर ठेवला आहे. दर चढा असला की खोट्या नावाने माल आणण्याचा मोह होतो. आयर्लंडमध्ये लसूण सफरचंद म्हणून दाखवून आणल्याबद्दल 2012 मध्ये एका व्यापाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. अशी चोरी केवळ सरकारची नसते. प्रामाणिकपणे पिकवणाऱ्याच्या भावावरच तो घाला असतो.

आयात माल लावू नका

शुल्काखेरीज दुसरी तपासणी असते ती वनस्पती संगरोधाची, म्हणजे रोगकिडींची. खाण्यासाठी आणलेला माल आणि लागवडीसाठी आणलेला माल यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. 2020 मध्ये कांदा आयातीच्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, तेव्हाही तो लागवडीला वापरणार नाही अशी हमी घेतली होती.

तरी काही शेतकरी बाजारातला मोठ्या पाकळीचा लसूण पाहतात आणि कुड्या फोडून लावतात. हे दोन कारणांनी धोक्याचे आहे. थंड प्रदेशातील अनेक जातींना गड्डा धरण्यासाठी लांब दिवस लागतात. आपल्याकडच्या हिवाळ्यात त्यांची नुसती पात वाढते. दुसरे कारण अधिक गंभीर. पांढरी कुज या रोगाची बुरशी खसखशीएवढ्या काळ्या गाठींच्या रूपाने जमिनीत 20 वर्षांपर्यंत टिकू शकते. एका हंगामाच्या हौसेपायी वावर कायमचे अडकते. बेणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आपल्याच रस्त्यावर आहे.

एवढे करा

1) बंदी किंवा आयातीची बातमी आली की क्रमांक, जात व तारीख विचारा. मगच चाळ फोडा.
2) गटाने निर्यातदाराशी करार करताना कागदावर मालाची अवस्था व जात स्पष्ट लिहा.
3) उन्हाळी, खरीप व पांढरा कांदा एकत्र करू नका. वक्कल वेगळे ठेवा.
4) पट्टी व करार जपून ठेवा.

बंधूंनो, भाव आपल्या हातात नाही. पण कोणता नियम आपल्या मालाला लागू आहे, हे वाचून घेणे आपल्या हातात आहे. ते वाचता आले तर घाबरून माल विकण्याची वेळ थोडी कमी येईल.